बेटाचे वाचन : ‘काळे पाणी’ ते ‘निसर्गस्नेही निवास’

प्रस्तावना

मराठीत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार चांगलाच समृद्ध आहे आणि त्याची समीक्षाही झालेली आहे. परंतु ज्या मजकुराच्या आधारे आपण प्रवास ठरवतो, त्या सहलपत्रकाकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. वास्तविक सहलपत्रक हीसुद्धा एक संहिता आहे. तिला स्वतःची प्रतिमासृष्टी आहे, ठरलेली विशेषणे आहेत आणि हेतुपूर्वक सोडलेल्या रिकाम्या जागाही आहेत. प्रस्तुत लेखात अंदमान बेटांच्या संदर्भात या संहितेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. अंदमानची निवड करण्याचे कारण उघड आहे. मराठी मनात या बेटांना स्वतंत्र स्थान आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये चौथे विश्व मराठी साहित्य संमेलन पोर्ट ब्लेअर येथे भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी नांदेडचे विचारवंत शेषराव मोरे होते. २०२४ मध्ये या शहराचे नामांतर श्री विजयपुरम असे झाले. आज भोकर, नांदेड, लातूर येथील प्राध्यापक दिवाळीच्या सुटीत कुटुंबासह हैदराबाद-चेन्नईमार्गे तेथे जाण्याचा बेत आखतो, तेव्हा त्याच्यासमोर दोन अंदमान असतात : एक वाचलेले आणि दुसरे विकत घ्यावयाचे. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बंदिवानाचे बेट

वि. दा. सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात पोहोचले आणि १९२१ मध्ये तेथून परतले. ‘माझी जन्मठेप’ हे त्यांचे आत्मकथन १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या राजकीय विचारांविषयी मतभेद असू शकतात. तथापि, बेटाचे वर्णन म्हणून या ग्रंथाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. या ग्रंथातील अंदमान हे प्रथमतः श्रमाचे ठिकाण आहे. सोललेल्या नारळाची सोडणे कुटून काथ्या काढणे आणि कोलूला जुंपून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल गाळणे, ही तेथील कामे होत. समुद्र आहे, पण तो भिंतीसारखा आहे. नारळ आहे, पण तो शिक्षेचे साधन आहे. १८९६ ते १९०६ या काळात उभारलेल्या सेल्युलर जेलच्या रचनेत एका कोठडीतील माणसाला दुसऱ्या कोठडीतील माणूस दिसू नये अशी व्यवस्था होती. अशा एकांतातही लेखकाची दृष्टी सहबंदिवानांच्या भाषा, स्वभाव आणि दैन्य यांकडे सतत वळते. बेटाचे सौंदर्य नाकारलेले नाही. मात्र त्या सौंदर्याआड कोण राबते आहे, याचा विसर वाचकाला कोठेही पडू दिलेला नाही.

पाहुण्याचे बेट

याच्या अगदी उलट वृत्तीचे लेखन म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’. येथे लेखक स्वेच्छेने व आनंदासाठी प्रवास करतो. त्यातील बालीच्या वर्णनात विश्रांती आहे, विनोद आहे आणि मनापासूनचे कौतुकही आहे. परंतु हे कौतुक मुख्यतः माणसांचे आहे. नृत्य, वादन आणि देवळे ही तेथील साध्या माणसाच्या जगण्याशी कशी बांधलेली आहेत, याचे लेखकाला अप्रूप वाटते. म्हणजे सुखाने केलेल्या प्रवासाचे लेखनही यजमानाला विसरत नाही. पुढे २०१२ मध्ये बालीतील ‘सुबक’ ही भातशेतीच्या पाणीवाटपाची परंपरा देवळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. बेटावर कला, धर्म आणि पाणी वेगळे काढता येत नाहीत, हेच यातून सिद्ध होते.

सहलपत्रकातील बेट

आता सहलपत्रकाकडे वळू. त्यातील अंदमानची कार्यक्रमपत्रिका बहुधा ठरावीक असते. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल आणि सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. त्यानंतर हॅवलॉक व नील, म्हणजेच २०१८ पासूनची स्वराज द्वीप व शहीद द्वीप. तेथे पांढरी वाळू, निळे पाणी आणि विश्रांती. ही मांडणी निव्वळ सोयीची वाटते, पण तिला अर्थ आहे. इतिहासाला एक दिवस देऊन त्याचे ऋण फेडले जाते आणि उरलेले दिवस इतिहासमुक्त होतात. तीर्थयात्रा आणि विश्रांती यांच्यामध्ये बोटीचा प्रवास येतो व दोन अंदमान एकमेकांस भेटत नाहीत. तुरुंगात ज्या नारळासाठी माणसे कोलूला जुंपली गेली, तोच नारळ दुसऱ्या दिवशी स्वागतपेय म्हणून हातात येतो. आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणास वाटत नाही.

या संहितेची दुसरी खूण म्हणजे तिच्यातील निर्मनुष्य किनारा. प्रत्यक्षात स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली शेतकऱ्यांची बेटे आहेत. सहलपत्रकात हा शेतकरी नसतो. माणूस जेथे येतो, तेथे तो बहुधा दृश्य म्हणून येतो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. शेखर सिंह आयोगाच्या अहवालानंतर ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या क्षेत्रातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तरीही वाहतूक सुरू राहिली. २०१२ मध्ये पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. परंतु माणसाला प्रेक्षणीय स्थळ करण्याची वृत्ती त्या चित्रफितीपूर्वीच कार्यक्रमपत्रिकेच्या भाषेत रुजलेली होती. पुण्याशी संबंधित अभ्यासक पंकज सेखसरिया यांनी या विषयावर सातत्याने इंग्रजीत लिहिले आहे. मराठी पर्यटक मोठ्या संख्येने तेथे जात असताना मराठीतही या प्रश्नाची चर्चा व्हावयास हवी.

‘निसर्गस्नेही’ या विशेषणाची चिकित्सा

अलीकडे या संहितेत एका विशेषणाची भर पडली आहे : ‘निसर्गस्नेही’. त्याला ‘आलिशान निवास’ हे शब्द जोडले जातात. काव्यातील विशेषणाची आपण जशी परीक्षा करतो, तशीच याचीही करावयास हवी. लाकडी कुटी, गवताचे छप्पर आणि बांबूचे कठडे हे निसर्गाचे अलंकार आहेत. ते निसर्गस्नेहाचे प्रमाण ठरत नाहीत. खरी कसोटी पाणी, कचरा आणि जमीन या तीन बाबींवर लागते.

पाण्याविषयी मराठवाड्यातील वाचकास अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तेथे पाण्याची ददात नसेल असा समज होतो. परंतु लहान बेटावर पाणी साठवण्यास जागा थोडी आणि समुद्राकडे उतार जवळचा. पर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि पाण्याची टंचाईही त्याच हंगामाच्या उत्तरार्धात जाणवते. खासगी पोहण्याचा तलाव, रोज बदलली जाणारी चादर आणि हिरवळ यांचा भार तेव्हा गावाच्या विहिरीवर पडतो. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा उपाय आहे. तथापि, त्याला वीज लागते आणि तोही अभेद्य नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील अशा प्रकल्पास आग लागली, तेव्हा भारताला विमाने व जहाजे यांतून पिण्याचे पाणी पाठवावे लागले होते. विलासी पर्यटनासाठी जगप्रसिद्ध असलेल्या देशाची ही तहान विचार करावयास लावते.

कचऱ्याचे गणितही असेच आहे. फिलिपिन्समधील बोराकाय बेट सांडपाण्याच्या प्रश्नामुळे २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले. जमिनीबाबत सांगावयाचे तर, बेटावरील बांधकामाला लागणारी वाळू त्याच बेटाच्या किनाऱ्यावरून काढली जात होती. २००२ च्या उपरोक्त आदेशात हा उपसा टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे निर्देश होते, ते यामुळेच. ज्या वाळूच्या दर्शनासाठी पाहुणा येतो, तिच्यातूनच त्याची खोली बांधली जावी, हा प्रकार ‘स्नेह’ या शब्दात बसत नाही.

एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पर्यटनावर बेटवासीयांची उपजीविका चालते. मग अशा चिकित्सेतून कोणाचे हित साधणार? आक्षेप योग्य आहे आणि त्यास गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा रोख पर्यटनावर नाही, तर पर्यटनाच्या भाषेवर आहे. बेटावरील कुटुंबाने चालवलेल्या, बादलीने स्नान करावे लागणाऱ्या साध्या निवासात ‘निसर्गस्नेही’ अशी पाटी नसते. तरीही तेथे पाणी कमी खर्च होते आणि पैसा बेटावर राहतो. पाटी असलेल्या आलिशान निवासाने हे सिद्ध करून दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे. विश्रांतीचा हक्क कोणी नाकारत नाही. मात्र आपल्या विश्रांतीसाठी कोण श्रमते, हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला ‘माझी जन्मठेप’सारख्या ग्रंथांनीच लावली आहे.

निष्कर्ष

१) सहलपत्रक ही चिकित्सायोग्य संहिता असून तिच्यातील गाळलेल्या जागा तिच्यातील वर्णनाइतक्याच अर्थपूर्ण आहेत.

२) बंदिवानाचे व पाहुण्याचे बेट वृत्तीने भिन्न असले, तरी दोन्ही लेखनांत बेटावरील माणूस केंद्रस्थानी आहे. सहलपत्रकाने नेमका तोच वगळला आहे.

३) ‘निसर्गस्नेही’ हे विशेषण स्वीकारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : पाणी कोठून येते, सांडपाणी व कचरा कोठे जातो, जमीन कोणाची होती आणि काम करणारी माणसे कोठली आहेत.

४) दुष्काळ अनुभवलेल्या मराठवाड्यातील अध्यापकास हे प्रश्न परके नाहीत. महाविद्यालयाची शैक्षणिक सहल असो की कौटुंबिक प्रवास, निवास निश्चित करतानाच ते विचारता येतात. त्यांची स्पष्ट उत्तरे जेथे मिळतील, तेथे घेतलेली विश्रांती निश्चितच अधिक निश्चिंत असेल.