‘हवाईजादा’ आणि घाटगे यांचं ग्लायडर

इथून कसाऱ्याचा घाट चढून गेलं की नाशिक, आणि नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानं बनतात. तेव्हा उंबरमाळीत विमानावर बोलणं काही जगावेगळं नाही. पण मराठी माणसानं विमानाचं काय केलं, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं. शिवकर बापूजी तळपदे, चौपाटी, १८९५.

त्यांच्यावर जानेवारी २०१५ मध्ये ‘हवाईजादा’ हा हिंदी सिनेमा आला, आयुष्मान खुराना तळपदे झाला होता. त्याच महिन्यात मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. सिनेमाला प्रेम हवं, गाणी हवीत, त्याला आमची हरकत नाही. हरकत ही की विमान उडतं कसं, या प्रश्नाशी त्याला कर्तव्यच नाही. पोथी सापडली, ध्यास घेतला, उडालं! मग मधे सुतारकाम, वजनाचा हिशेब, फसलेली चाचणी यांना जागा कुठली?

आणि पोथीचं म्हणाल, तर १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ नीट तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला, म्हणजे १८९५ च्या नंतरचा. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही त्यातली चारही विमानं उडण्याजोगी नाहीत, असं त्यांनी गणितानं दाखवलं. हे सगळं सिनेमाच्या चाळीस वर्षं आधी छापून आलेलं होतं बरं का.

आता दुसरा माणूस घ्या. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूरकडच्या हसूरचंपूचे. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. पंखावरून हवा सरकते कशी, याचं आजचं शास्त्र ज्यांनी घडवलं ते हे प्रांटल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तिथे घाटगे आले. महायुद्ध चालू होतं. त्यांनी जी-१ नावाचं दहा जणांचं ग्लायडर आखलं, सैनिक वाहून नेण्यासाठी. कल्पना आमच्या शेतकऱ्याला लगेच कळेल: ट्रॉलीला इंजिन नसतं, ट्रॅक्टर ओढतो. तसं पुढचं विमान दोरानं ओढणार, वर नेऊन सोडणार, आणि मग हे पंखांच्या जिवावर खाली उतरणार. इंजिन तर आपल्याकडे बनतच नव्हतं, त्यामुळे सुरुवात इथूनच करणं शहाणपणाचं होतं. जी-१ काही लढाईला गेलं नाही. पण १९५१ मध्ये त्याच घाटगे यांचं एचटी-२ उडालं, आणि हवाई दलाचे किती वैमानिक त्यावरच शिकले.

हे ग्लायडरचं प्रकरण तिथेच संपत नाही. मरुत हे लढाऊ जेट जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी बंगळूरला आखलं, तेव्हाही आधी त्याचं पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर केलं. डाकोटा विमानानं ते ओढायचं, आणि सुरंजन दास ते चालवायचे. १९६१ साली खरं मरुत उडालं. जोरदार इंजिनाच्या भरवशावर ते आखलेलं होतं. ते इंजिन पुरं करायला ब्रिटिश मंडळी पैसे मागत होती, आपण दिले नाहीत. मग कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. मरुतचा वेग कायम तिथेच अडला. इंजिनाचा जोर वाढवायचे प्रयोग चालू असताना, जानेवारी १९७० मध्ये, उड्डाण करताना विमान कोसळून दास गेले.

यात सिनेमा नाही का? आम्हाला तर ‘हवाईजादा’पेक्षा जास्त दिसतो. फक्त नायक शेवटी जिंकत नाही, आणि पैसे मंजूर करणारी फाइल हे एक मोठं पात्र आहे. अशी गोष्ट पडद्यावर आणायला दम लागतो.

मागून प्रश्न आलाय, तळपदे यांनी काहीच केलं नाही का? काहीतरी केलं असेलच की. हौशी, कलाशाळेत शिकलेला माणूस, आपल्या हातांनी यंत्र जुळवत होता, हे आम्हाला फार आवडतं. पण त्यांचं विमान पंधराशे फूट चढलं असं जे सांगतात, त्यांना आम्ही एकच विचारतो: पंखाची लांबी किती होती आणि वजन किती होतं?