वगळलेला निबंध आणि गृहीत धरलेला विद्यार्थी

दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये ए. के. रामानुजन यांचा तीनशे रामायणांविषयीचा निबंध इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमातून वगळला. चार तज्ज्ञांपैकी तिघे तो ठेवण्याच्या बाजूचे होते. चौथ्यांची शंका पदवीवर्गाच्या कुवतीविषयी होती. वर्गात मांडलेले विद्यार्थी जसेच्या तसे स्वीकारतो, हे या शंकेमागील गृहीतक. निबंधाची रचनाच त्याला छेद देते. वाल्मीकी, कंबन, विमलसूरी आणि थाई रामकियेन यांना तो शेजारी ठेवतो, निवाडा देत नाही. तुलना वाचकालाच करावी लागते. आक्षेप मात्र अहल्या-सीतेविषयीच्या सुट्या तपशिलांवर खिळले. निबंधाच्या अखेरीस येणाऱ्या कथेतला गावकरी आरंभी रामायण ऐकताना झोपी जातो आणि पुढे इतका रमतो, की हनुमंताची समुद्रात पडलेली अंगठी काढण्यासाठी स्वतःच उडी घेतो. श्रोत्यावर कथेचा प्रभाव कसा पडतो, याचा इतका मार्मिक विचार असलेला मजकूरच प्रभावाच्या भयाने वर्गाबाहेर गेला.