हिरव्या पडद्याचा हिशेब: जुने व्हिडिओ गेम आणि त्यांचे नवे अवतार

आज आपण जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांबद्दल बोलणार आहोत. ‘आमच्या वेळी काय मजा होती’ अशा गप्पा मारायला व्याख्यान लागत नाही, त्या चहावर होतात. इथे आपल्याला परीक्षण करायचं आहे. गेल्या आठ-दहा वर्षांत जुने कन्सोल नव्या वेष्टनात परत बाजारात आले. तर या परत आलेल्या वस्तूंमध्ये नक्की काय परत आलं आणि काय मागे राहिलं, एवढाच आजचा प्रश्न.

त्यासाठी आधी मूळ वस्तू नीट बघायला हवी. गेम बॉयपासून सुरुवात करू. निन्टेन्डोने तो जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी आणला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. रंग म्हणाल तर हिरवट-पिवळ्या पार्श्वभूमीवर चार छटा, बस्स. मागून उजेड नाही, म्हणजे संध्याकाळी खेळायचं तर दिव्याखाली जाऊन बसा. आतला प्रोसेसर ८०८० आणि झेड-८० या सत्तरच्या दशकातल्या चिपांच्या कुळातला. म्हणजे ज्या दिवशी तो दुकानात आला, त्याच दिवशी तो जुना होता!

समोर कोण होतं? त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला: रंगीत पडदा, मागून उजेड, किंमत गेम बॉयच्या जवळपास दुप्पट. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. कागदावर तुलना केली तर गेम बॉय हरायला हवा होता. झालं काय? गेम बॉय आणि पुढे आलेला गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त नग विकले गेले. गेम गिअर साधारण एक कोटीच्या आसपास थांबला. लिंक्स त्याहूनही मागे.

याचं एक कारण आपल्या घरातल्या ड्रॉवरमध्ये सापडतं: पेन्सिल सेल. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉयला चार सेल लागायचे आणि ते दहा तासांहून कितीतरी जास्त चालायचे. आता पोराला खिशातल्या पैशांतून सेल आणायचे आहेत, हे डोळ्यासमोर आणा. रंग हवा की खेळ हवा, हा प्रश्न तिथेच सुटतो. अमेरिकेत त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ देत होते, हे दुसरं कारण. त्या खेळाला रंगांची गरजच नव्हती.

या यंत्रामागे गुनपेई योकोई यांचा विभाग होता आणि प्रमुख अभियंता होते सातोरू ओकादा. योकोई १९६५ साली निन्टेन्डोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. त्यांच्या विचारसरणीला जपानीत जे नाव आहे, त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होईल: वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार. वाळलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. लाकूड वाळलं की सुताराला बरं वाटतं ना, तसं. त्यातलं पाणी गेलेलं असतं, ते आता वाकणार नाही, फाटणार नाही, कुठे काय होईल हे माहीत झालेलं असतं. शिवाय स्वस्तही असतं. अशा तंत्राचा वापर भलत्याच ठिकाणी करायचा. कॅल्क्युलेटरचा पडदा आणि चिप घेऊन योकोई यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ काढला, तो याच पद्धतीने. अधिक-चिन्हासारखं दिशा दाखवणारं बटण, जे आज जवळपास प्रत्येक रिमोटवर दिसतं, ते १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या गेम अँड वॉचवर आलं.

ही पद्धत प्रत्येक वेळी यशस्वी झाली का? नाही. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय योकोई यांचाच, तोही जुन्याच लाल दिव्यांवर उभा होता, आणि तो सपशेल पडला. तेव्हा ‘जुनं तंत्र म्हणजे शहाणपण’ असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. मर्यादा स्वीकारताना ती खेळणाऱ्याच्या सोयीची आहे का, हे बघावं लागतं. गेम बॉयची मर्यादा खिशाला सोयीची होती. व्हर्च्युअल बॉयची मर्यादा डोळ्यांना आणि मानेला त्रास देणारी होती.

ही झाली पहिली कसोटी: मर्यादा कुणाच्या बाजूने आहे? ती हातात घेऊन आता नव्या अवतारांकडे जाऊ.

नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने आपल्या जुन्या घरगुती कन्सोलची, एनईएसची, तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती काढली. आत ३० खेळ भरलेले, किंमत साठ डॉलरच्या आसपास. लोक अक्षरशः तुटून पडले. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं, तोवर २३ लाख नग गेले होते. मागणी इतकी की जून २०१८ मध्ये ती परत आणावी लागली.

दिसायला ती हुबेहूब आहे. चित्र स्वच्छ, बटणांचा हाताला लागणारा अनुभव अस्सल. इथपर्यंत कौतुक करायलाच हवं. पण रिमोटची वायर अडीच फुटांच्या आसपास. म्हणजे टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसा. आणि कॅसेट घालायची जागा? झाकण दिसतं, पण ते उघडत नाही. ते फक्त चित्र आहे. आत मोबाइलच्या जातीची चिप आणि लिनक्स, आणि त्यात बंद करून ठेवलेले ३० खेळ. कंपनीने निवडलेले ३०, एकतिसावा नाही.

आम्हाला हे झाकण महत्त्वाचं वाटतं. मूळ यंत्राचा प्राणच त्या खाचेत होता. कॅसेट बदलता येते, म्हणजे शेजाऱ्याकडून आणता येते, वापरून विकता येते, भाड्याने घेता येते. यंत्र एका घरात आणि खेळ साऱ्या गल्लीत, असा तो व्यवहार होता. झाकण बंद केलं की गल्ली संपली.

इथे आपला, महाराष्ट्रातला, संबंध येतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या बहुतेक घरांत अधिकृत निन्टेन्डो पोचलाच नाही. पोचली ती त्याच्या जपानी भावाची, १५ जुलै १९८३ ला आलेल्या फॅमिकॉमची नक्कल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानापर्यंत ती ‘व्हिडिओ गेम’ या एकाच नावाने विकली गेली. त्यासोबत ‘९९९९ इन वन’ असं छापलेली कॅसेट. उघडून बघितलं तर मोजके खेळ, तेच तेच फिरून फिरून. पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन खेळणारे होते, ते वेगळेच. हे फक्त आपलं नाही. रशियात हीच नक्कल ‘डेंडी’ नावाने १९९२ पासून विकली गेली आणि तिथल्या एका पिढीला व्हिडिओ गेम म्हणजे डेंडीच.

आता गंमत बघा. आपल्याकडे त्या कॅसेटींवर सर्वांत जास्त काय खेळलं गेलं? ‘काँट्रा’. बंदुकीने बदक पाडायचा ‘डक हंट’. विटांच्या भिंती फोडणारा रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’. अमेरिकेत विकलेल्या त्या ३० खेळांच्या यादीत यातला एकही नाही. ‘काँट्रा’चा दुसरा भाग आहे, पहिला नाही. ‘बॅटल सिटी’ तर एनईएसवर अमेरिकेत कधी अधिकृतपणे आलाच नव्हता. ‘डक हंट’चं कारण तांत्रिक आहे. ती बंदूक काही गोळी झाडत नाही, उलट ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड पकडतो. हे जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. आजच्या सपाट टीव्हीवर ती वेळ जुळत नाही. म्हणजे त्या खेळाचा अर्धा भाग टीव्हीत राहत होता, आणि टीव्ही आपण भंगारवाल्याला दिला.

सांगायचा मुद्दा असा, की ‘सर्वांच्या आठवणी’ म्हणून जी यादी विकली जाते ती काही देशांतल्या काही घरांची आठवण असते. नकलेवर वाढलेल्या कोट्यवधी मुलांची आठवण अधिकृत इतिहासात बसत नाही, कारण त्या व्यवहाराची पावतीच नाही. आम्ही नकलेचं समर्थन करत नाही, खेळ बनवणाऱ्यांना त्यातून एक पैसाही मिळाला नाही. पण इतिहास लिहिताना पावती नसलेल्या घरांना वगळलं तर तो इतिहास फक्त हिशेबाच्या वहीचा होतो.

सोनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सोनीने पहिल्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती काढली, १०० डॉलरला, २० खेळांसह. त्यातले नऊ खेळ युरोपातल्या आवृत्तीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या हिशेबाचे. ते अमेरिकन आवृत्तीपेक्षा मंद चालतात. जुन्या खेळाडूच्या बोटांना हा फरक लगेच कळतो. आणि आत खेळ चालवायला काय वापरलं? लोकांनी हौसेने लिहून खुला ठेवलेला एक एम्युलेटर. याच सोनीने १९९९ मध्ये एम्युलेटर बनवणाऱ्या दोन कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं, आणि त्यातल्या कनेक्टिक्सविरुद्धच्या खटल्यात २००० साली अपील कोर्टात हार पत्करली होती. ज्यांच्यावर दावे लावले त्यांच्याच जातीच्या कामावर पुढे वर्धापनाचा माल उभा राहिला. लोकांनी मात्र तो फारसा घेतला नाही आणि काही आठवड्यांतच किंमत उतरवावी लागली.

सगळंच वाईट आहे असं नाही. २०१७ च्या सुपर एनईएसच्या प्रतिकृतीत ‘स्टार फॉक्स २’ होता. नव्वदच्या दशकात तयार होऊन डब्यात पडलेला हा खेळ वीसेक वर्षांनी पहिल्यांदा अधिकृतपणे लोकांपुढे आला. पुनरुज्जीवन म्हणजे हे.

डिसेंबर २०२१ मध्ये ॲनालॉग पॉकेट आला. यात जुन्या चिपची नक्कल सॉफ्टवेअरने करत नाहीत, तर आत अशी चिप आहे जिची जोडणी बदलून जुन्या सर्किटसारखं वागायला लावता येतं. पडदा १६०० बाय १४४०, म्हणजे गेम बॉयच्या बरोबर दहापट. त्यामुळे जुना एक ठिपका दहा बाय दहा ठिपक्यांनी रंगवता येतो, अगदी जुन्या पडद्याची जाळीसुद्धा दिसते. आणि मागे खरी खाच आहे. तीस वर्षांपूर्वीची गेम बॉयची कॅसेट घाला, चालते. दोष इतकाच की २०० डॉलरच्या पुढची ही वस्तू शौकिनांची झाली. जिथे मूळ गेम बॉय पोराच्या खिशाचा विचार करत होता, तिथे हा संग्राहकाच्या कपाटाचा विचार करतो.

२०२२ चा प्लेडेट तिसऱ्या वाटेने गेला. तो कुठल्याच जुन्या यंत्राची प्रतिकृती नाही. काळा आणि पांढरा, दोनच छटा, मागून उजेड नाही आणि बाजूला फिरवायचा एक दांडा. खेळ बनवायची साधनं फुकट दिली आणि स्वतः बनवलेला खेळ त्यात टाकायची मुभाही दिली. योकोई यांचा विचार आम्हाला इथे सर्वांत जास्त दिसतो, कारण इथे जुन्या मर्यादेतून नवे खेळ निघतात. निन्टेन्डोचं नाव त्यावर कुठेही नाही.

मग हे सगळं इतकं गंभीरपणे का घ्यायचं? खेळणीच तर आहेत. तर एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. गेम बॉयच्या कुटुंबातले उपलब्ध खेळ सहा टक्क्यांहून कमी. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकानं खरेदीसाठी बंद केली. गेम बॉयचे काही खेळ आता वर्गणी भरून मिळतात, अगदी हिरव्या छटेसकट. वर्गणी थांबली की खेळ थांबला. आणि ग्रंथालयांनी जुने खेळ अभ्यासकांना दूरवरून उघडून द्यावेत, या सवलतीची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

कवितेच्या बाबतीत असं झालं असतं तर? १०० संग्रहांतले ८७ दुकानात नाहीत आणि ग्रंथालयालाही ते घरपोच वाचायला देता येत नाहीत, तर आपण आरडाओरड केली असती. म्हणून आमचं म्हणणं असं, की जुन्या कन्सोलच्या नव्या अवताराचं परीक्षण करताना रंग किती जुळला हे शेवटी बघावं. आधी विचारावं: याची खाच उघडी आहे का? कंपनीने उद्या पाठ फिरवली तर हे चालेल का? यातला खेळ उसना देता येतो का? या प्रश्नांवर निन्टेन्डो आणि सोनी यांच्या प्रतिकृती पहिल्यात आणि तिसऱ्यात नापास होतात, दुसऱ्यात मात्र काठावर पास, कारण त्यांना इंटरनेट लागत नाही. वर्गणीचे खेळ तिन्हींत नापास. पॉकेट तिन्हींत पास, फक्त महाग. प्लेडेटला खाच नाही, पण दार उघडं आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. घरी माळ्यावर जुना ब्रिक गेम किंवा गेम बॉय असेल तर आजच त्यातले सेल काढून ठेवा. सेल गळले की आतली पितळी पट्टी आणि सर्किट दोन्ही जातात. ज्या कॅसेटमध्ये खेळ साठवता येत होता, तिच्यात बटणासारखी छोटी बॅटरी असते आणि ती मेली की साठवलेलं पुसलं जातं. ओळखीचा दुरुस्तीवाला ती बदलून देऊ शकतो, पण साठवलेल्या खेळाची प्रत आधी काढून घ्यावी लागते. आणि त्या ‘९९९९ इन वन’वर नक्की कोणते खेळ होते, ते एका कागदावर लिहून ठेवा. ती यादी दुसरं कुणी करणार नाही.

आता प्रश्न घेऊ.