‘प्रतिकारशक्ती’ या संकल्पनेची चिकित्सा : दाहनियमनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठी विज्ञानलेखनात रोगप्रतिकाराचे वर्णन बहुधा युद्धाच्या परिभाषेत केले जाते. जंतू हा शत्रू, पांढऱ्या पेशी हे सैन्य आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा त्यातून निघणारा उपदेश होय. प्रस्तुत लेखात या रूपकाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
संसर्ग होताच पेशी सायटोकाइन ही संकेतद्रव्ये स्रवतात व दाह निर्माण होतो. दाह आवश्यकच असतो. परंतु तो वेळीच शमला नाही तर शरीराच्याच ऊतींची हानी होते. म्हणून त्याला आवर घालण्याची योजनाही प्रतिकारसंस्थेतच असते. नियामक टी-पेशी इंटरल्यूकिन-१० सारखी शामक द्रव्ये स्रवतात. पेशींच्या आत सॉक्स गटातील प्रथिने दाहाचा संकेत पुढे जाऊ देत नाहीत. विशेष म्हणजे ती त्या संकेतामुळेच तयार होतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी-पेशींचा शोध प्रसिद्ध केला, तर मेरी ब्रन्कॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ जनुकाचे महत्त्व दाखविले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

युद्धाच्या रूपकात सैन्याला आवरणाऱ्या सैनिकास स्थान नाही. या उणिवेचे गांभीर्य कोविडकाळात जाणवले. २०२० मध्ये ‘इम्युनिटी बूस्टर’चा सर्वत्र प्रचार होत असताना अनेक गंभीर रुग्णांची फुप्फुसे अतिदाहाने निकामी होत होती. त्याच वर्षी ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत दाहशामक डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस वाढला, त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अतिवापरही होता. सारांश, ‘वाढवा’ व ‘दाबा’ हे दोन्ही उपदेश एकांगी ठरतात.

पर्यायी रूपक बारामती व इंदापूर तालुक्यांतच उपलब्ध आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. परंतु जेथे अतिसिंचन झाले व निचरा झाला नाही, तेथे जमिनी क्षारपड झाल्या. दोष पाण्याचा नव्हता. अर्थात हे रूपकही अपुरे आहे. शेतात चर शेतकऱ्याला खणावा लागतो. पेशी आपला चर स्वतःच खणते.

निष्कर्ष :
‘प्रतिकारशक्ती’ ही संज्ञा केवळ बळ सूचित करते, विवेक नव्हे. अध्यापनात तिच्या जोडीने ‘प्रतिकारनियमन’ ही संज्ञा रूढ होणे आवश्यक आहे.