नकाशावरचा ठिपका आणि कुंडावरचा माणूस

ओवे गावात रात्री तळोज्याच्या बाजूने वारा सुटला की आम्ही खिडक्या लावून घेतो. सकाळी मी वर्गात भूगोल शिकवतो. तिथल्या नकाशावर तळोजे औद्योगिक वसाहत म्हणजे एक ठिपका. रात्रीचा वास आणि सकाळचा ठिपका यांची गाठ माझ्या विषयाने कधी घालून दिली नाही. त्या अस्वस्थतेतून हे लिहितो आहे.

आपल्या भूगोलाने रसायनांकडे फार काळ केवळ उद्योग म्हणून पाहिले. आल्फ्रेड वेबर या जर्मन अभ्यासकाने 1909 साली कारखान्यांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडला. कच्चा माल, त्याचे वजन, वाहतूक आणि मजुरी यांचा हिशेब केला की कारखाना कोठे उभा राहील ते कळते, हा त्याचा गाभा. या हिशेबात सांडपाण्याला जागा नाही. मजूर आहे, पण तो मजुरीचा दर म्हणून. त्याला फुप्फुसे नाहीत.

अलीकडे ही दृष्टी बदलते आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अँड्र्यू बॅरी यांनी 2017 साली रासायनिक भूगोलाचा जाहीरनामाच मांडला. रसायन वाटेत बदलते, दुसऱ्या पदार्थांत मिसळते, शरीरात साठते. भूगोलाने त्याचा माग काढला पाहिजे, असा या नव्या प्रवाहाचा आग्रह आहे. त्याचे मी स्वागत करतो. पण पदार्थाचा माग काढताना तो पदार्थ हाताळणारा माणूस सुटला, तर हाही भूगोल प्रस्थापितांचाच राहील.

त्याच 2017 साली तळोज्यात निळ्या रंगाची कुत्री हिंडताना दिसली. छायाचित्रे जगभर गेली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. कासाडी नदीची चर्चा झाली. हे योग्यच झाले. परंतु रंगाची पोती उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हातांचे छायाचित्र तेव्हा पाहिल्याचे मला आठवत नाही.

हे न दिसणे आपल्याकडे जुने आहे. ढोर समाज पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावत आला. चुन्याने केस सुटतात, बाभळीच्या सालीतले आणि हिरड्यातले टॅनिन कातडे कुजू देत नाही. हे रसायनशास्त्रच होते. पण त्या ज्ञानाला शास्त्र म्हटले गेले नाही. कुंडाचा वास मात्र माणसाच्या जातीला चिकटवला गेला आणि वस्ती गावाबाहेर ठेवली गेली. नदी नासवणाऱ्या आजच्या कारखान्याच्या मालकाला कोणी अस्पृश्य मानत नाही.

याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. म्हणजे माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते! आज त्याच महाडजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी आहेत. तिच्यासाठी मंत्र म्हणायला कोणी आलेले नाही. शुद्धी-अशुद्धीच्या या हिशेबात रसायन कधीच नव्हते, होती ती सत्ता.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हे ओळखले. 1982 साली नॉर्थ कॅरोलिनातील वॉरन काउंटीत विषारी माती आणून पुरण्याविरुद्ध ते रस्त्यावर आडवे झाले. 1987 च्या एका अहवालाने दाखवून दिले की, घातक कचऱ्याची जागा ठरण्यात वंश हा सर्वांत प्रभावी घटक आहे. आपल्याकडे वंशाच्या जागी जात ठेवून नकाशा काढायला हवा. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो, त्याने माणूस क्षणात कोसळतो. रसायनाला जात कळत नाही, पण गटारात कोणाला उतरवायचे हे जात ठरवते. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई 30 लाख रुपये केली. तरी माणसे उतरतातच.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्या वस्तीचा नकाशा काढायला लावा. वास कोठून येतो, नाला कोठे जातो, ड्रम कोण धुतो, गटारात कोण उतरतो, हे त्यावर लिहू द्या. ओव्याचा तसा नकाशा मी मुलांबरोबर काढायला घेतला आहे. तळोज्याचा ठिपका त्यावर आता ठिपका राहिलेला नाही.