आकडे खरे, निष्कर्ष कच्चा

अमेरिकेत मेडिकेअर हा प्रामुख्याने वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा आहे. एप्रिल २०१४ मध्ये त्याने २०१२ साली ८,८०,००० हून अधिक डॉक्टर व सेवादात्यांना दिलेल्या सुमारे ७७ अब्ज डॉलरचा तपशील खुला केला. त्याच सप्टेंबरात कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमाही प्रसिद्ध झाल्या. या खुलेपणाचे आम्ही स्वागत करतो. पण त्यावरून हृदयरोगतज्ज्ञाची गुणवत्ता ठरवणे आम्हांला मान्य नाही.

समजा, एका डॉक्टराने दुसऱ्याच्या तिप्पट स्टेंट बसवले. तो गरज नसता बसवतो, की अवघड रुग्ण त्याच्याकडेच पाठवले जातात? किती स्टेंट, किती पैसे, हे आकडे सांगतात. का बसवले आणि रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगत नाहीत. खासगी विम्याचे रुग्ण त्यांत नाहीतच. कंपनीच्या पैशाने शंका येते, दोष सिद्ध होत नाही.

न्यूयॉर्क राज्य बायपासनंतरचे मृत्यू मोजताना रुग्णाचे वय व आजाराची तीव्रता जमेस धरते. ही रीत अधिक न्याय्य आहे.

केवळ निकालाच्या टक्केवारीवरून शिक्षकाला जोखलेले आपल्याला खटकते. मग डॉक्टरांना वेगळा न्याय का? आकड्यांवरून प्रश्न जरूर विचारावेत. निवाडा मात्र घाईने करू नये.