खेळांतील लिपिवाचन व पडताळ्याचा प्रश्न

व्हिडिओ-खेळांचे परीक्षण विभागाच्या संशोधनपत्रिकेत यावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. या लेखाचे निमित्त मात्र वर्गातच घडले. गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गास ब्राह्मी लिपीच्या उलगड्याचा इतिहास शिकवीत होतो. सांचीच्या स्तूपाच्या वेदिकेवरील लहान लहान लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात हे जेम्स प्रिन्सेपच्या ध्यानी कसे आले, हे लेख देणगीचे असावेत व ती अक्षरे 'दानं' अशी वाचावीत हा तर्क त्याने १८३७ साली कसा केला, हे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण आपले बरोबर आहे हे प्रिन्सेपला कोणी सांगितले?" चौकशी करता असे समजले की तिने सुटीत 'चांट्स ऑफ सेनार' हा खेळ पुरा केला होता, व त्यात चिन्हांचा अर्थ बरोबर लागला की तसे खेळच सांगतो. प्रश्न भाबडा होता खरा; पण लिपिशास्त्राच्या मर्मालाच तो जाऊन भिडला होता. वर्गात दोन वाक्यांत दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून प्रस्तुत लेखकाने तो खेळ, आणि त्याच जातीचे आणखी काही खेळ, स्वतः खेळून पाहिले. पुढील मते एका खेळाडूची आहेत; तो खेळाडू व्यवसायाने भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, एवढेच.

मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून, एकट्यादुकट्याने किंवा चार मंडळींनी मिळून केलेल्या अशा खेळांस 'इंडी' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांत अपरिचित लिपी हा विषय बराच लोकप्रिय झालेला दिसतो. परंतु लिपी आणि भाषा यांतील भेद सर्वच निर्मात्यांनी पाळलेला नाही. २०१२ सालचा, माँट्रियल येथील पॉलिट्रॉनचा 'फेझ' हा खेळ घ्या. त्यातील चौकोनी अक्षरे म्हणजे रोमन वर्णमालेवर घातलेला बुरखा आहे. कोल्हा व कुत्रा असलेल्या एका दालनात त्याची किल्ली ठेवलेली आहे; इंग्रजीतील सर्व वर्ण येणारे कोल्ह्याकुत्र्याचे ते वाक्य ओळखले की सारे सुटते. आमच्या पिढीत ज्यांनी टंकलेखनाच्या वर्गात ते वाक्य शेकडो वेळा बडवले, त्यांस हे साधेल. इतरांनी काय करावे, हे निर्मात्यांनी मनात आणलेले दिसत नाही. कोडे म्हणून ते चांगले आहे. भाषेशी त्याचा संबंध नाही.

कॅनडातील अँड्रू शोल्डिस यांचा 'ट्यूनिक' (२०२२) याहून पुष्कळ सरस. एक छोटा कोल्हा, आणि त्याच्या जगाची एक माहितीपुस्तिका, जिची पाने विखुरलेली सापडत जातात व जिचा बराचसा मजकूर अगम्य लिपीत आहे. इथेही खालची भाषा इंग्रजीच. परंतु लिपी वर्णांची नसून ध्वनींची आहे. एकाच आकृतीत आतील रेघा व्यंजन दाखवितात, बाहेरील रेघा स्वर दाखवितात, आणि खाली लहान वर्तुळ आले तर स्वर आधी व व्यंजन नंतर वाचायचे. शब्दाच्या मधून आडवी रेघ जाते. बाराखडीवर वाढलेल्या वाचकास ही रचना पाहताच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारण्याची सवय ज्यास आहे, त्यास ते वर्तुळ मुळीच विचित्र वाटत नाही. शोल्डिस यांनी इंग्रजीच्या विचित्र वर्णलेखनास बगल देऊन ध्वनी पकडले, हे त्यांच्या सूक्ष्म कानाचे द्योतक आहे. या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तो तुमच्या वाचनास कोठेही 'शाबास' म्हणत नाही. मूल्ये बरोबर असतील तर पुढचे पान वाचता येते. चुकीची असतील तर ध्वनींचा निरर्थक गोंधळ हाती येतो. प्रिन्सेपचा अनुभव याहून निराळा नव्हता. सांचीच्या वेदिकेवरून मिळालेल्या मूल्यांनी दिल्लीचा स्तंभलेख वाचता आला. पुढे कार्ले, कान्हेरी, नाशिक येथील लेण्यांतील दानलेखही त्याच वाटेने वाचले गेले. त्यास कोणी सांगितले, याचे उत्तर हेच : पुढच्या लेखाने सांगितले.

आता 'चांट्स ऑफ सेनार'. तुलूझ येथील रंडिस्क या छोट्या मंडळीचा हा खेळ २०२३ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. बायबलातील बाबेलच्या बुरुजाची कथा त्यामागे आहे. सेनार हे त्या कथेतील भूमीचेच नाव. बुरुजाच्या एकेका थरावर एकेक जमात राहते : भक्त, योद्धे, चारण, किमयागार आणि सर्वांत वर एकान्तवासी. प्रत्येकीची भाषा व लिपी वेगळी. झगा पांघरलेला एक वाटसरू तळातून वर चढतो, चिन्हे पाहतो, संदर्भावरून अर्थ बांधतो व वहीत टिपून ठेवतो. चित्ररचना अत्यंत देखणी आहे, आणि पहिल्या तासातील आनंद मी तरी विसरणार नाही. दार, कळ, माणसाचा हावभाव, आणि त्यांशी जोडलेली दोन-तीन चिन्हे, इतक्या अल्प सामग्रीवर मन कसे झेप घेते याचा तेथे साक्षात प्रत्यय येतो.

व्याकरणाकडेही निर्मात्यांनी लक्ष पुरविले आहे. भक्तांच्या भाषेत नामाची द्विरुक्ती केली की अनेकवचन होते; योद्ध्यांच्या भाषेत त्यासाठी स्वतंत्र चिन्ह नामाआधी येते; चारणांच्या भाषेत कर्म आधी, मग कर्ता, मग क्रियापद असा पदक्रम आहे, जो जगातील भाषांत फारच विरळ आढळतो. भक्तांच्या लिपीत समान वर्गातील शब्दांना समान अंग असते, त्यामुळे स्थळवाचक चिन्हे एकमेकांची भावंडे दिसतात. वर्गात दाखविण्याजोगे हे सर्व आहे, आणि मी ते दाखविलेही.

तथापि माझा मुख्य आक्षेप वहीविषयी आहे. काही चिन्हे पाहून झाली की वहीत एक पान उघडते. त्यावर तीन-चार चित्रे असतात. चित्रांपुढे योग्य चिन्हे ठेवली की पान मान्य होते आणि तुमचे कच्चे अर्थ पुसून तेथे पक्के अर्थ उमटतात. सर्व जुळली तरच मान्यता, ही अट ठीक आहे. लुकस पोप यांच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' (२०१८) मध्ये जहाजावरील साठ माणसांचे भवितव्य शोधताना तीन उत्तरे एकदम बरोबर आल्याखेरीज खेळ होकार देत नाही, त्याचेच हे रूप. परंतु साठ माणसे व मृत्यूचे नाना प्रकार यांत अंदाजाने तीन उत्तरे जुळणे दुर्घट. सेनारमध्ये मात्र तीन चिन्हे व तीन चित्रे उरली असतील तर मांडणीचे प्रकार सहाच होतात. इथे एक कबुली देणे भाग आहे. किमयागारांच्या थरावर रात्री उशिरा मी संदर्भ पाहणे सोडून दिले आणि चिन्हांची अदलाबदल करीत बसलो. चौथ्या वेळी पान मान्य झाले. मी शब्दाचा अर्थ शोधला नव्हता, शक्यता संपविल्या होत्या. आणि खेळाने दोहोंस एकच बक्षीस दिले. ज्याने वीस वर्षे विद्यार्थ्यांस 'संदर्भ पाहा' असे बजावले, त्याने असे करावे याची लाज वाटली, परंतु दोष सर्वस्वी माझा आहे असे वाटत नाही. होकार इतका स्वस्त ठेवला की खेळाडू होकाराच्याच मागे लागणार.

दुसरा दोष याहून खोल आहे. चित्रापुढे शब्द ठेवणे म्हणजे शब्द ही वस्तूंची नावे आहेत असे गृहीत धरणे. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी ज्या कल्पनेस हादरा दिला, तीच इथे मागच्या दाराने परत येते. पाच भाषांतील बहुतांश शब्द एकमेकांवर चपखल बसतात. एकीत असलेला भेद दुसरीत नाही, असे क्वचितच घडते. मराठी माणसास इंग्रजीतील एकाच सर्वनामासाठी 'आम्ही' की 'आपण' हे दर वाक्यास ठरवावे लागते, आणि त्या निवडीत ऐकणारा आत घेतला जातो किंवा बाहेर ठेवला जातो. भाषांतराची खरी अडचण अशा ठिकाणी असते. सेनारच्या बुरुजावर ती जवळजवळ नाही. मग जमातींमध्ये दुरावा आला तो कशामुळे? केवळ चिन्हे वेगळी म्हणून?

या आक्षेपास एक मोठा अपवाद आहे, आणि तो खेळाच्या बाजूने नोंदविला पाहिजे. योद्धे ज्यांस 'अशुद्ध' म्हणतात ते कोण, हे थोड्या वेळाने उमगते : ते खालच्या थरावरचे भक्त, ज्यांच्यात आपण नुकतेच वावरून आलो. आणि योद्धे ज्यांचे रक्षण करतात ते 'निवडलेले' म्हणजे वरचे चारण, ज्यांना प्रत्यक्ष भेटल्यावर निवडीचे कारण काही दिसत नाही. इथे शब्द वस्तूचे नाव राहत नाही. तो बोलणाऱ्याची जागा सांगतो. आपल्या परंपरेत 'म्लेच्छ' हा शब्द मुळात अस्पष्ट, अपभ्रष्ट बोलण्याशी निगडित होता, आणि ग्रीकांच्या 'बार्बारोस'चीही तीच कुळकथा. दोन जमातींमधील संभाषण दुभाष्या होऊन जुळवून देण्याचे जे प्रसंग खेळात शेवटी शेवटी येतात, त्यांत हा धागा आणखी ओढला असता तर हा खेळ थोर झाला असता. आहे तसा तो सुंदर आहे.

एका बाबतीत खेळांवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगतो की चित्राने पडताळा मिळणे ही काही केवळ खेळातली सोय नव्हे. मायकेल व्हेन्ट्रिसने १९५२ साली 'लिनिअर बी' लिपीची मूल्ये जाहीर केली, तेव्हा विद्वान साशंक होते. पुढील वर्षी ब्लेगन यांनी पायलॉस येथील एक मृत्तिकापट्टिका त्या मूल्यांनी वाचून पाहिली. तीत तिवईचे व भांड्यांचे चित्र होते. चार कानांचे, तीन कानांचे, बिनकानाचे भांडे. आणि शेजारील शब्द व्हेन्ट्रिसच्या मूल्यांनी नेमके तेच अर्थ देऊ लागले. सेनारच्या वहीचे पान आणि ही पट्टिका दिसण्यात सारखी आहेत. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की मूल्ये ठरविताना व्हेन्ट्रिसने ती पट्टिका पाहिली नव्हती. पडताळा बाहेरून आला, पण पंचाकडून आला नाही.

केंब्रिज येथील इंकल यांचा 'हेवन्स व्हॉल्ट' (२०१९) खेळ म्हणून सेनारइतका रेखीव नाही. तेजोमेघातील नद्यांवरून आलियाचे जहाज हाकताना इतका वेळ जातो की मी मधूनमधून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. असे असूनही लिपिवाचनाचे सर्वांत प्रामाणिक चित्र मला तेथे दिसले. आलिया ही पुराविद आहे. सिक्स नावाचा एक यंत्रमानव तिच्यासोबत असतो. प्राचीन लेखांतील शब्द लहान अर्थवाही अंगांपासून बनलेले आहेत, आणि आपल्या शिलालेखांप्रमाणेच त्यांत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही. प्रत्येक शब्दासाठी दोन-चार पर्याय मिळतात. त्यांतून एक निवडायचा. खेळ लगेच काही बोलत नाही. तुम्ही निवडलेल्या अर्थाने वाक्य बनते, त्या वाक्यावर आलिया व सिक्स यांची चर्चा होते, आणि तोच शब्द पुढील लेखांत पुन्हा पुन्हा भेटल्यावर केव्हातरी आलिया म्हणते की हा अर्थ पक्का दिसतो, किंवा हा काही बसत नाही. म्हणजे मधल्या काळात तुम्ही चुकीच्या अर्थावर इमारत बांधलेली असते. ती पाडताना जो संकोच होतो, तो संशोधकाच्या ओळखीचा आहे. पर्याय आयते मिळतात, त्यामुळे स्वतःची अशी अपूर्व चूक करण्याचे स्वातंत्र्य मात्र खेळाडूस नाही, ही उणीव राहतेच.

ते स्वातंत्र्य देणारा खेळ जपानमधून आला. लिझार्ड्री यांचा 'सेव्हन डेज टु एन्ड विथ यू' (२०२२) अगदी लहान आहे. तुम्ही जागे होता. लाल केसांची एक स्त्री तुमची शुश्रूषा करीत असते. तिची भाषा तुम्हांस कळत नाही. अवधी सात दिवसांचा. शब्दांना हवे ते अर्थ द्यावेत. बरोबर की चूक हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. काहींस हे त्रासदायक वाटेल, आणि कोडे सोडविण्याची हौस असणाऱ्याने याच्या वाटेस जाऊ नये. क्वाइनने १९६० साली जी शंका मांडली, की अनोळखी भाषेतील शब्द आणि समोरची वस्तू यांची सांगड केवळ निरीक्षणाने कधीच निर्विवाद ठरत नाही, ती इथे अर्ध्या तासात अंगावर येते.

ज्या विद्यार्थिनीने मूळ प्रश्न विचारला, तिला हा खेळ मी खेळावयास दिला. ती स्त्री एक शब्द वारंवार, मान खाली घालून उच्चारते असे आम्हा दोघांच्याही टिपणांत होते. विद्यार्थिनीने त्यापुढे 'क्षमा' लिहिले होते. मी 'भय' असे लिहिले होते. दोन्ही अर्थांनी सातही दिवस सुसंगत वाचता येतात. तिने मला विचारले, "सर, आता?" मी म्हणालो, आणखी वाक्ये हवीत. त्यावर ती पहिल्या दिवसापासून पुन्हा खेळावयास बसली.